पाटवडीचा भाव

मारेगावात कुणाला घाबरवायचं असलं तर लोक पोलिसाचं नाव काढतात. पळसबन ग्रामविकास संस्थेत मात्र 'धम्माभाऊ आले' एवढं म्हटलं तरी पुरतं. मग ज्याला त्याला आपापले खिसे आठवतात. कुणी पाकीट उपसतो, कुणी मोटारसायकलची डिक्की उघडतो, कुणी धुवायला टाकलेली पँट बादलीतून बाहेर काढायला बायकोला फोन करतो. कारण धम्मरत्न दारातून आत आला की नमस्काराच्या जागी एकच शब्द बोलतो, "बिल?"

हा गुण रक्तातला. वडील बाबाराव एसटीत कंडक्टर होते. बोरी अरबच्या घरी पाहुणा आला तरी त्यांचा हात आधी खांद्यावरच्या पिशवीकडे जायचा, मग लक्षात यायचं की आज सुट्टी आहे. अशा घरात वाढलेला पोरगा दारव्ह्याला बी.कॉम. झाला आणि वणीला एका कोळसा वाहतूकवाल्याकडे हिशोबाला लागला. दुसऱ्याच महिन्यात मालकानं सांगितलं, "डिझेलची बिलं बनवून टाक." धम्मरत्ननं विचारलं, "डिझेल कुठी हाय?" मालक म्हणाला, "बाहेर हाय, जाऊन पाह्य." हा बाहेर गेला आणि मालकानं आतून कडी लावली. नोकरी संपली.

त्याच आठवड्यात पळसबन संस्थेच्या प्रमुख विमलताईंना हिशोबनीस हवा होता. ताई म्हणजे मोठ्या मनाचं माणूस, आणि मोठ्या मनाच्या माणसाचे हिशोब लिहिणं ही काय शिक्षा असते ते लिहिणाऱ्यालाच विचारावं. रस्त्यात कुणी रडताना दिसलं की ताई पर्स उघडायच्या आणि संध्याकाळी म्हणायच्या, "धम्मा, हे तीनशे कुठंतरी टाक रे."

"ताई, 'कुठंतरी' नावाचं खातं नाई आपल्याकडं."

"मग उघड ना एक!"

अशी बारा-तेरा वर्षं निघाली. धर्मादाय कार्यालयाची विवरणं, आयकराचे फॉर्म, देणगीदारांची उपयोगिता प्रमाणपत्रं सगळं वेळेत जायचं आणि लेखापरीक्षकाला शेरा मारायला जागा सापडायची नाही. एका वर्षी त्या बिचाऱ्यानं शेवटी 'फाइलींवर धूळ आढळली' असं लिहिलं. धम्मरत्ननं फाइली पुसल्या, पुसायच्या फडक्याचं बिल लावलं आणि उत्तर पाठवलं.

त्याचा आणखी एक नेम होता. दौऱ्यावर गेलं की संस्थेकडून जेवणाचा भत्ता मिळतो. आता भत्ताही घ्यायचा आणि गावात फुकटही जेवायचं म्हणजे दोन्हीकडून खाणं. म्हणून धम्मरत्न जाईल तिथं घरचा डबा नेई. पंगत बसली की हा गडी एका कडेला तोंड फिरवून मेथी आणि पोळी चघळत बसे. काही गावांत लोकांना वाटे याचं पोट कायमचं बिघडलेलं आहे. एका म्हातारीनं तर हिरड्याचं चूर्ण पुडीत बांधून दिलं. ते त्यानं घेतलं आणि 'भेटवस्तू' म्हणून नोंदवलं.

बायको उर्वशी म्हणायची, "तुमाले जेवू घालणं म्हंजे मंत्र्याचा दौरा ठरवणं हाय. आधी परवानगी, मंग पोळी."

तर अशा माणसाच्या हातून चूक झाली, तीही कापूस वेचणीच्या तोंडावर.

टेंभुरवाही हे मारेगावपासून आत गेलेलं गाव. एका अंगाला गाव, ओढ्यापलीकडे तांडा. वेचणीच्या दिवसांत इथल्या बाया उजाडताच शेतात जातात. तान्ही पोरं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, साडीच्या झोळीत, आणि झोळी हलवायला शाळा बुडवून बसलेली मोठी बहीण. बायांनीच मागितलं होतं की आमाले पाळणाघर द्या. विमलताईंनी मुंबईच्या एका देणगीदार संस्थेला गाठलं. त्यांनी होकार दिला, पण बेतानं. पहिल्या हप्त्यात लेकरं सांभाळणाऱ्या बायांचं प्रशिक्षण. दुसरा हप्ता, म्हणजे खुद्द पाळणाघर, गावानं आपला दहा टक्के लोकवाटा दिला तरच. पैशात द्या नाहीतर वस्तूत द्या, पण द्या.

प्रशिक्षण झोकात झालं. आजूबाजूच्या गावांतून पोरी आल्या. त्यांना एक दिवस गावातल्या महिला गटाच्या अध्यक्ष पंचफुलामावशींनी जेवू घातलं, दुसऱ्या दिवशी तांड्यावरच्या हंसाबाईनं, आणि असं आलटून पालटून पुढं चाललं. शेवटी धम्मरत्न पाकीट घेऊन पंचफुलाच्या ओसरीवर गेला.

"हे कायचं?" तिनं विचारलं.

"जेवणाचे पैसे, मावशी. अर्थसंकल्पात तरतूद हाय."

"गावात आलेल्या पोरीले जेवू घातलं त्याचे पैसे घेऊ? उद्या बाळंतपण केल्याचं बी बिल फाडजो! उचल ते पाकीट, नाईतं चुलीत घालतो."

हंसाबाईकडेही तेच ऐकावं लागलं, फक्त चुलीच्या जागी ओढा होता. परतताना धम्मरत्नच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. पैसे घेत नाहीत म्हणजे जेवण फुकट दिलं. फुकट दिलं म्हणजे वस्तुरूप लोकवाटा झाला! दहा टक्के तर सहज, वर उरेल. अशा वेळी लोक पेढे वाटतात. धम्मरत्ननं नवीन फाइल उघडली.

आता लोकवाटा म्हटला की त्याचं मूल्य काढावं लागतं. धम्मरत्न ऑफिसात बसला आणि त्यानं कार्यकर्ता गोपालनं मोबाईलवर काढलेले ताटांचे फोटो एकेक करून मोठे केले. ताटातले पदार्थ मोजले, बाजारभाव धरला. पंचफुलाच्या ताटात भाकर, भात, रस्सा, ठेचा, म्हणून दर साठ रुपये. हंसाबाईच्या ताटात पोळी, भात, वरण, वांगं आणि शेवयांची खीर, म्हणून दर सत्तर. खाली छापील ओळ होती, 'मूल्यमापन करणाऱ्याने प्रत्यक्ष खातरजमा केली आहे.' तिच्यापुढं त्यानं सही ठोकली. छापील ओळ वाचून सही करायची असते असं त्यानं जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं होतं, स्वतःला सांगायचं राहून गेलं.

एवढ्यावर थांबला असता तरी निभलं असतं. पण देणगीदारांचा नियम होता की लोकवाट्याची माहिती गावात जाहीर लावायची. समाजमंदिराच्या भिंतीवर पेंटरकडून मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं, नावासकट आणि दरासकट. पेंटरचं बिल पक्कं होतं.

चौथ्या दिवशी गोपाल ऑफिसात आला. गोपाल म्हणजे हसरा, गावोगावी लाडका आणि बिलं हरवण्यात वस्ताद. पण आज त्याचा चेहरा उतरला होता.

"धम्माभाऊ, पंचफुलामावशी लोकवाट्याच्या कागदावर सही नाई करत म्हणते."

"काहून?"

"तुमी तिच्या जेवणाले साठ लावले अन् हंसाबाईच्या जेवणाले सत्तर."

"हंसाबाईच्या ताटात पाच पदार्थ होते. मावशीच्या चार."

"मावशीनं पाटवडी केलती, भाऊ."

धम्मरत्ननं फोटो पुन्हा उघडला. दोन बोटांनी ताणून ताणून एवढा मोठा केला की नुसता लाल रंग उरला. "कुठी हाय पाटवडी?"

"रश्शात."

"दिसत नाई."

"दिसंन कशी? पाटवडी रश्शात बुडेल असते, भाऊ. वर पोहत राह्यली तं ते पाटवडी कायची?"

धम्मरत्ननं कॅलेंडरकडं पाहिलं. मुंबईची तपासनीस बाई गुरुवारी यायची होती. त्या दिवशी सही नसली की लोकवाटा बाद. लोकवाटा बाद म्हणजे हप्ता पुढच्या तिमाहीवर, आणि तोवर कापूस घराघरांत येऊन पडलेला. पाळणे मग कुणासाठी टांगायचे?

तो तसाच टेंभुरवाहीला गेला. पंचफुला ओसरीवर तुरीची डाळ पाखडत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"ये बाबू. पाणी देऊ, का पाण्याले बी बिल लागते?"

"मावशी, फोटोत जे दिसलं थे लिहिलं."

"अन् डोळे कायले हायेत तुले? त्या दिवशी तू समाजमंदिराच्या ओट्यावर पाठ करून बसला होता, मेथी चघळत. हात मागं केला असता तं माह्यी पाटवडी हाती लागली असती!"

"मले भत्ता असते, मावशी. भत्ता घेतल्यावर दुसऱ्याकडं जेवता येत नाई."

"जेवता येत नाई, पण भाव लावता येते?" सूप थांबलं. "अरे, नळावर तांड्याच्या बाया मले पाहून म्हणतात, साठवाली आली, सरका वं! नातसून बी फिदीफिदी हासते. जनम गेला माह्या चुलीपुढं, अन् माह्यी किंमत तू पेंटरकडून लिहून घेतली."

"काय करू मंग, सांगा."

"वणीच्या ढाब्यावर थाळी एकशे ऐंशीले भेटते. माह्यी बी एकशे ऐंशी लिही. आता करतो सही."

"मनानं भाव वाढवता येत नाई. त्याले आधार लागते."

"कमी करतानी कोनता आधार होता?"

प्रश्न हिशोबाच्या दृष्टीनं अगदी बरोबर होता, आणि तीच तर पंचाईत होती. धम्मरत्न पाणी पिऊन परत आला.

विमलताईंचा उपाय नेहमीचाच. "लिहून टाक रे एकशे ऐंशी. आपलं काय जातं?"

"मंग हंसाबाई दोनशे म्हणंन, ताई. तिची खीर तं फोटोत दिसते."

गुरुवार उजाडला. मुंबईहून अर्पिता मॅडम आल्या. वय कमी, आवाज मऊ, हातात टॅब. इतक्या गोड बोलत की माणूस आपण होऊन कबुली द्यायला लागावा. समाजमंदिरात जाऊन बघतात तर एका कोपऱ्यात पंचफुलाचं पातेलं आणि दुसऱ्या कोपऱ्यात हंसाबाईचं. सही नाही म्हणजे नाही, पण गावात पाहुणी येणार म्हटल्यावर पंचफुलानं पहाटेपासून बेसन घाटलं होतं. ती बातमी ओढ्यापलीकडे गेली आणि हंसाबाई खिरीसकट हजर झाली. मधे सतरंजी, सतरंजीवर कागद, आणि कडेनं सगळा बायांचा गट.

अर्पिता मॅडमनी कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला. "मूल्यमापन करणाऱ्याने प्रत्यक्ष खातरजमा केली आहे. म्हणजे धम्मरत्नजी, तुम्ही स्वतः जेवून, बघून हा दर लावला, बरोबर?"

मागून गोपाल मान हलवत होता, हो म्हणा, हो म्हणा. विमलताई समाजमंदिराचं छत किती छान आहे ते बघत होत्या. पंचफुला कमरेवर हात ठेवून उभी होती. तिची नजर त्याच्या तोंडावर होती. 'हो' हा शब्द एवढुसा. त्याला बिलही लागत नाही.

"नाही मॅडम," धम्मरत्न म्हणाला. "मी जेवलो नाही. ऑफिसात बसून फोटोवरून दर लावला. ही ओळ खोटी आहे आणि खाली सही माझी आहे."

गोपालनं कपाळ धरलं. पंचफुलानं मात्र मोठ्ठा श्वास सोडला. "ऐकलं काय वं हंसाबाई? फोटोवरून! लेकानं सोयरीकसुद्धा फोटोवरूनच केली असंन!"

बाया खोखो हसल्या. अर्पिता मॅडम हसल्या नाहीत. "मग हा आकडा मला धरता येणार नाही. पण मी आहे तोवर तुम्ही आत्ता इथं चाखून दर ठरवा, देणारीची सही घ्या. मग चालेल."

धम्मरत्ननं खिशातून पेन काढलं, दौऱ्याच्या कागदावर त्या दिवसाचा जेवणाचा भत्ता खोडला, बाजूला सही केली आणि पंगतीत मांडी घातली. टेंभुरवाहीनं हा सोहळा पहिल्यांदाच पाहिला. पंचफुलानं वाढलं. रश्शावर बोटभर लाल तर्री, आणि खाली, कुणाच्या मोबाईलला दिसणार नाही अशी, पाटवडी.

पहिल्या घासाला त्याच्या कानातून वाफ निघाली. दुसऱ्याला डोळ्यांत पाणी. तिसऱ्यानंतर तो थांबलाच नाही. मेथीवर पोसलेल्या पोटाला कुणीतरी जागं केलं होतं.

"बोल बाबू, किती?"

नाक पुसत तो म्हणाला, "ढाब्यावरची म्या खाल्ली हाय, मावशी. तिच्यापेक्षा वरचढ हाय हे. एकशे ऐंशी लिहायले मले काईच हरकत नाई."

पंचफुलानं सगळ्या बायांवरून एकदा नजर फिरवली. हंसाबाईवर जरा जास्त वेळ थांबवली. मग पदर खोचून म्हणाली, "चला मॅडम, तुमी बी बसा."

"नको मावशी, मला नाही चालणार," मॅडम म्हणाल्या. "आम्हाला तपासणीला आल्यावर दिवसाला शंभर रुपयांच्या वरचा पाहुणचार घेता येत नाही. लाच समजतात. माझ्याकडे बिस्किटं आहेत ना."

पंचफुलाच्या हातातली पळी तशीच राहिली. "म्हंजे हे बी डबेवालीच निंगाली!"

"नियम आहे मावशी."

"मुंबईवरून आलेली पोरगी माह्यापुढं बिस्किट खाईन?" तिनं पातेल्याकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं, मग धम्मरत्नच्या पेनाकडं. पेन एकशे ऐंशीतल्या एकावर आलं होतं. "थांब रे बाबू! साठच लिही."

"माह्ये तं सत्तरच हायेत," हंसाबाई दुसऱ्या कोपऱ्यातून ओरडली. "शंभराच्या आतच हाय. मॅडम माह्याकडं बसते!"

"दोन्हीकडचे मिळून शंभर," मॅडम हळूच म्हणाल्या.

झालं. पंचफुला म्हणाली, "माह्ये चाळीस लिही."

"माह्ये पस्तीस!"

"तीस! बेसन घरचंच होतं."

"माह्यी खीर धरूच नोको. दूध म्हशीनं देलं, म्या काई आणलं नाई!"

दोघी अशा इरेला पेटल्या की आणखी थोड्या वेळात जेवणाबरोबर वरून पैसे देणार होत्या. तोंडात घास असलेला धम्मरत्न उठून उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "थांबा व मावशी! दहा टक्के तुटून राह्यले! सरासरी पन्नासच्या खाली गेली का लोकवाटा बसत नाई, अन् लोकवाटा बसला नाई तं पाळणाघर गेलं!"

बायांच्या कडेवरची दोन पोरं तेवढी कुरकुरली. पंचफुला आणि हंसाबाई एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि त्या दोघी एकमेकींकडं नुसत्या बघतात हेही गावानं बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

"मंग पन्नास अन् पन्नास," पंचफुला म्हणाली. "दोघीचे बी. पण भिंतीवर पाटवडी लिहिजो. भाव काई का असंना."

"अन् माह्यी खीर," हंसाबाई म्हणाली. "खिरीत काजू होते, थे बी."

धम्मरत्ननं मॅडमकडं पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "देणाऱ्यानं स्वतःहून कमी किंमत सांगितली तर आमची हरकत नसते. जास्त सांगितली तर असते." आणि बिस्किटाचा पुडा पिशवीत टाकून त्या सतरंजीवर येऊन बसल्या.

धम्मरत्ननं हंसाबाईचं ताटही चाखलं, मग सह्या झाल्या. पंचफुला प्रौढ वर्गात शिकलेली. तिनं 'पंच' लिहिलं, थांबली, मॅडमला वाढलं, मग 'फुला' लिहिलं. मॅडमचे डोळे तोवर तर्रीनं वाहत होते. दुसऱ्यांदा रस्सा वाढायला पळी आली तशी धम्मरत्नची हिशोबी भुवई वर गेली. मॅडम नाक ओढत म्हणाल्या, "वाढू द्या हो. दर ताटाचा आहे, पळीचा नाही."

भिंतीवरचा मजकूर पेंटरनं पुन्हा रंगवला. धम्मरत्ननं आता काहीच मोघम ठेवलं नाही. 'पाटवडी (रश्शात असल्याने वरून दिसत नाही)' असं तिथं आजही लिहिलेलं आहे. वाचून नवखी माणसं बुचकळ्यात पडतात, आणि मग गावातलं कुणीही त्यांना हातचं काम सोडून सगळी हकीकत सांगतं.

हप्ता वेळेत आला. वेचणीच्या पहिल्या सकाळी समाजमंदिरात झोळ्यांऐवजी पाळणे टांगले गेले आणि आया दोन-दोनदा मागं वळून पाहत शेताकडं गेल्या. लेकरांनी असा गळा काढला की धुऱ्यावरची माकडं पळाली. धम्मरत्न हजेरीपट घेऊन दारात उभा होता, कारण लाभार्थ्याची सही किंवा अंगठा हवा असा नियम आहे. पंचफुलाच्या पणतूनं शाईची डबी हिसकली, अंगठा बुडवला आणि हजेरीपट सोडून धम्मरत्नच्या पांढऱ्या शर्टावर उमटवला.

"झाली का रे नोंद?" पंचफुलानं आतून विचारलं.

"झाली मावशी," तो म्हणाला आणि दुसऱ्या पाळण्याकडं वळला. तिथं हंसाबाईची नात हातपाय झाडत आपल्या पाळीची वाट पाहत होती.